दहा महिन्यांच्या मुलीला फ्लॅशकार्डांचा क्लास लावावा का? बाळं बघतात-ऐकतात-शिकतात तरी कशी?

मुठाकाठची
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीच्या (बाणेर) क्लबहाउसमध्ये रविवारी एक डेमो झाला. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'मेंदूविकास' वर्ग. पांढऱ्या कार्डांवर लाल ठसठशीत अक्षरं, मग ठिपके, मग फळं, मग देशांचे झेंडे. बाई एकेक कार्ड सेकंदभर दाखवून झरझर पुढे जातात. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सगळं टिपून घेतो, नंतर तो काळ परत येत नाही, वगैरे सांगितलं. तीन महिन्यांचे अठरा हजार. नवरा एका पायावर तयार. सासूबाई साताऱ्याहून फोनवर, "लेकराला माणसं दाखवा, पत्ते कसले दाखवताय?" माझं आपलं तळ्यात-मळ्यात.

मुलगी दहा महिन्यांची. रांगते, धरून उभी राहते, रिमोट कुठे लपवलाय ते बरोब्बर शोधते. हाक मारली की मात्र आपल्याच तंद्रीत, मागून मारली तर ढिम्म. बापावर गेलीय.

जाहिराती सोडून खरं संशोधन काय सांगतं, ते कुणाला माहीत असेल तर लिहा. फोनवरचे एबीसीडीचे व्हिडिओ दाखवावेत का, हेही.

खडूस पेठकर
अठरा हजारांत झेंडे ओळखायला शिकली तर पंधरा ऑगस्टला उपयोगी पडेल. बाकी चालू द्या.

हिंजवडीचा कैदी
थोडा वेगळा सूर लावतो. आम्ही थोरल्याला असाच वर्ग लावला होता (दुसऱ्या संस्थेचा). दीड वर्षाचा असताना 'हत्ती' शब्दाचं कार्ड बरोबर उचलायचा. व्हिडिओ आहेत. आता पहिलीत आहे, वाचन उत्तम. लगेच थोतांड म्हणू नका. घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा बरंच ना?

शंकासुर
@कैदी, थोतांड म्हणत नाही, पण नेमकी हीच गोष्ट तपासून झाली आहे. २०१४ साली अमेरिकेत सुझन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी ९ ते १८ महिन्यांची ११७ बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला 'बाळाला वाचायला शिकवा'वाला संच दिला, त्यात डीव्हीडी, शब्दांची कार्डं, पुस्तकं सगळं होतं. सात महिने हे चाललं. मग अक्षरओळख, शब्दओळख, शब्दसंग्रह, आकलन, अशी एकूण १४ मोजमापं घेतली. त्यातल्या १३ मध्ये दोन्ही गटांत काडीचा फरक नाही.

चौदावं मोजमाप म्हणजे आईबाबांचं मत. संच वापरलेल्या पालकांची ठाम खात्री होती की आमचं बाळ वाचायला शिकलं.

खडूस पेठकर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). म्हणजे संच चालतो, फक्त पालकांवर.

हिंजवडीचा कैदी
हसा. माझ्या मुलाने हत्तीचं कार्ड उचललं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

शंकासुर
उचललं असणारच. पण त्या वेळी तुम्ही कुठे बघत होतात? वर्षभराच्या आसपास मुलं मोठ्यांच्या नजरेचा माग फार छान काढतात. तुमची नजर हत्तीवर गेली की त्याचा हात हत्तीवर. तीही हुशारीच आहे, पण वाचन नव्हे. व्हिडिओ पुन्हा बघा, आणि त्यात तुम्ही स्वतः दिसता का तेही बघा.

आजीबाई जोरात
आमच्या वेळी पाळण्यावर चिमणाळं असायचं. तुळशीबागेत अजून मिळतं, लाकडी राघू, लाल-हिरवे-पिवळे. मूल तासन्‌तास बघत पडायचं आणि आपली भाजी निवडून व्हायची. आता नातवासाठी सुनेने काळ्या-पांढऱ्या चौकटींची कार्डं आणली, परदेशी. मी म्हटलं, बाळ का बुद्धिबळ खेळणार आहे?

सिएटलची सुगरण
आजी, सुनेचं अगदीच चूक नाही हो. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं आणि फिके रंग नीट कळत नाहीत. त्यामुळे ठळक काळं-पांढरं त्याला आवडतं, एवढं खरं. पण वीस-तीस सेंटिमीटर म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढंच अंतर! रॉबर्ट फँट्झने साठच्या दशकात बाळांसमोर दोन-दोन चित्रं धरून ती कुठल्याकडे जास्त वेळ बघतात ते मोजलं. चेहऱ्यासारख्या आकृतीकडे लक्ष जास्त. तेव्हा कार्डं घ्या किंवा घेऊ नका, जोरदार कुंकू लावलेली आजी पुरेशी आहे.

आता धागाकर्तीच्या फोनच्या प्रश्नावर. मी ज्या गावात राहते तिथलाच प्रयोग आहे. पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली, घरात फक्त इंग्रजी. चिनी (मँडरिन) बोलणारी माणसं त्यांच्याशी खाली बसून खेळली, पुस्तकं वाचून दाखवली. चार आठवड्यांत बारा बैठका, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटं. त्यानंतर चिनीतले इंग्रजीत नसलेले आवाज ही बाळं तैवानमधल्या बाळांइतके ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तीच पुस्तकं, तेवढाच वेळ, पण टीव्हीच्या पडद्यावर. शिकणं शून्य. बाळं पडद्याकडे बघत होती बरं का, टक लावून. पण शिकली काहीच नाहीत.

मुठाकाठची
@सुगरण, हे फारच रोचक आहे. मग साताऱ्याच्या आजीचा रोजचा व्हिडिओ कॉलही फुकट का? तो तर पडदाच.

सिएटलची सुगरण
नाही, तिथे गंमत आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर २०१४ साली प्रयोग झाला. पडद्यावरची बाई थेट कॉलवर होती, मुलाच्या बोलण्याला उत्तर देत होती, तेव्हा मुलं नवीन क्रियापदं शिकली. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. समोरून प्रतिसाद येतो का, हा मुद्दा. तुमची मुलगी अजून लहान आहे, पण आजीने "अगं बाई, काय खाल्लंस?" विचारायचं आणि बाळाने हुंकार दिल्यावर आजीने पुन्हा काहीतरी म्हणायचं, हे व्हिडिओतल्या एबीसीडीपेक्षा कधीही सरस. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ च्या सूचनांत वर्षाखालच्या बाळांना पडदा नकोच म्हटलंय. दोन ते चार वर्षांसाठी जास्तीत जास्त तासभर.

खडूस पेठकर
आमच्याकडे व्हिडिओ कॉलवर नातवाला आजीचा फक्त कपाळापासून वरचा भाग आणि पंखा दिसतो. मुलगा पंख्यावर पीएचडी करेल.

दगडूची आई
पडद्याचं मुलांबद्दल बोलतोय, पण आपलं काय? दोन वर्षांच्या मुलांना आयांनी दोन नवे शब्द शिकवायचे, असा एक प्रयोग वाचला होता (२०१७). एक शब्द शिकवताना मध्येच आईला फोन यायचा. शब्द दोन्ही वेळा तितक्याच वेळा उच्चारला गेला, तरी फोन आलेल्या वेळचा शब्द मुलं शिकली नाहीत. हे वाचून नवऱ्याला फॉरवर्ड केलं. तो मीटिंगमध्ये होता.

गावकुस
सगळं वाचलं. एक शंका. सिएटल, न्यूयॉर्क, सगळी गोऱ्यांची पोरं. आमच्या इंदापूरकडच्या पोरांना हे लागू कसं? घरात बारा माणसं, चुलत्याच्या खांद्यावर मूल वाढतं. आणि आमच्याकडं मालिश करून, पाटाला टेकवून बसवून पोरं लवकर उभी राहतात. डॉक्टर म्हणतात घाई करू नका. कोण खरं?

शंकासुर
@गावकुस, शंका रास्त. मानसशास्त्राचे बरेचसे प्रयोग अमेरिका-युरोपातल्या मूठभर लोकांवर होतात, ही टीका त्या शास्त्रातले लोकच करतात. तुमच्या उदाहरणाला जोड म्हणून, चार्ल्स सुपर यांनी १९७६ मध्ये केनियातल्या किप्सिगिस लोकांची नोंद केली. तिथल्या आया बाळांना मुद्दाम बसायला, चालायला शिकवतात. ती बाळं बसणं-चालणं अमेरिकन बाळांपेक्षा लवकर करतात. रांगणं मात्र लवकर नाही, कारण रांगायला कुणी शिकवत नाही. म्हणजे सराव दिला तिथे फरक पडला. पुढे आयुष्यात त्याचा फायदा झाला का, हा निराळा प्रश्न.

सिंहगड दर रविवारी
रांगण्यावरून आठवलं. काचेच्या कड्याचा प्रयोग कुणी लिहिला नाही अजून? एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक, १९६०. उंच टेबलावर जाड काच, अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड, अर्ध्या भागात तेच कापड खाली जमिनीवर. म्हणजे बाळाला पुढे खोल दरी दिसते, हाताला मात्र काच लागते. ३६ बाळं, सहा ते चौदा महिन्यांची. पलीकडून आई हाक मारते. दरीच्या बाजूला फक्त तीनच गेली.

मला त्याचा पुढचा भाग आवडतो. १९८५ मध्ये दरी मुद्दाम अर्धवट ठेवली, फूटभर. जावं की न जावं, असा पेच पडावा इतपत. वर्षाची बाळं कडेशी येऊन थांबायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची. आई हसली तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. आईने घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. शब्द एकही नाही, नुसता चेहरा.

आता सांगा, बागेत घसरगुंडीवर पोरगं चढलं की खालून "पडशील! पडशील!" ओरडणाऱ्या समस्त आज्यांचं काय करायचं?

आजीबाई जोरात
तुम्ही सिंहगडावर नाचा. पडल्यावर हळद आम्हीच लावतो.

सिंहगड दर रविवारी
आजी, दंडवत. पण पडणं हा अभ्यासक्रमच आहे हो. न्यूयॉर्कच्या कॅरन अॅडॉल्फ यांनी बारा ते एकोणीस महिन्यांची मुलं खेळताना मोजली. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. शिवाय रांगताना शिकलेलं चालताना कामाला येत नाही. तीव्र उतारावर रांगत शहाण्यासारखं थांबणारं बाळ, नव्याने चालायला लागलं की त्याच उतारावरून सरळ चालत सुटतं. पुन्हा पहिल्यापासून शिकतं.

फळा खडू
मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. धागा बाळांचा आहे, पण थोडं पुढचं लिहू का? तिसरीत माझ्याकडे एक मुलगा आला तो 'ढ' असा शेरा घेऊनच. फळ्यावरचं उतरवायला सांगितलं की शेजारच्याच्या वहीत डोकावायचा. आधीच्या बाईंनी कॉपी करतो म्हणून वेगळं बसवलं होतं, तेव्हापासून तर वही कोरीच. एकदा मी फळ्यावर लिहिता लिहिता तेच मोठ्याने वाचत होते, तर याने न बघता भराभर सगळं लिहून काढलं, शुद्धलेखनासकट. तपासणीत डोळ्यांचा नंबर निघाला. चष्मा आला, शेरा गेला. म्हणजे आमच्या डोक्यातून गेला, बाकीच्या मुलांच्या डोक्यातून जायला वर्ष लागलं. खेळात त्याला कुणी घेत नसे, तेही त्या शेऱ्यामुळेच.

मूल जग कसं बघतं यावर बोलतोय, तसं जग मुलाला कसं बघतं यावरही बोला. १९६८ साली रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी शिक्षकांना सांगितलं, वर्गातली ही ही मुलं यंदा फुलणार. नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली. वर्षअखेर पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक जास्त वाढलेले दिसले.

शंकासुर
फळा खडू ताई, प्रतिसाद आवडला. एक पुस्ती जोडतो, त्या प्रयोगावर बरीच टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम दिसला तो बराच लहान. आहे, पण पोस्टरवर छापतात तेवढा नाही.

फळा खडू
मान्य. लहान तर लहान. पण चाळीस मुलांच्या वर्गात तो नेमका शेवटच्या बाकावर पडतो.

दगडूची आई
नंबरावरून, मुलांना उन्हात सोडा. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी नवा मायनस नंबर लागलेली मुलं त्या शाळांत ३०.४ टक्के, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. कार्डांच्या अठरा हजारांत तळजाईला रोज रिक्षाने जाऊन याल.

खडूस पेठकर
डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर ते पट्टी बांधून वाचायचे क्लास आठवा. 'मिडब्रेन' का काय ते. भाचीला लावला होता. मी तिला म्हटलं, पुस्तक डोक्यावर धरतो, वाच. गप्प. हातात दिलं की हनुवटी वर करून नाकाच्या कडेच्या फटीतून झकास वाचायची. वहिनींनी महिनाभर अबोला धरला, माझ्याशी.

हिंजवडीचा कैदी
तो प्रकार आणि फ्लॅशकार्ड एका पंक्तीत बसवू नका प्लीज.

गावकुस
माकडाचं एक वाचलं होतं, कुणी खरं-खोटं करा. सहा महिन्यांच्या बाळाला एका माकडाचा चेहरा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, आणि नऊ महिन्यांत ते विसरतं?

शंकासुर
खरं आहे, पास्कालिस, २००२. आणि कौशल्य टिकवताही येतं. सहा ते नऊ महिन्यांत माकडांच्या चित्रांचं पुस्तक दाखवलं आणि प्रत्येक माकडाला वेगळं नाव घेऊन दाखवलं तर टिकलं. सगळ्यांना नुसतं 'माकड, माकड' म्हटलं तर नाही.

खडूस पेठकर
आमच्या घरी लग्नाच्या अल्बमवर हा प्रयोग आपोआप होतो.

कर्णपिशाच्च
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कानांचं तपासते. दोन दिवस धागा वाचतेय. कार्डांवर भांडून झालं असेल तर मूळ पोस्टमधलं एक वाक्य परत वाचा. "मागून हाक मारली तर ढिम्म." बाप, तंद्री, सगळं असेल. पण दहाव्या महिन्यात मागून आलेल्या आवाजाकडे मूल वळत नसेल तर पहिलं काम कानाची तपासणी.

@मुठाकाठची, घाबरवायला लिहीत नाहीये. आपल्या नावाला प्रतिसाद देणं काही मुलांत वर्षापर्यंत येतं, शिवाय सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी असं होतं. पण हे ताटकळत ठेवायचं नसतं. जन्मानंतर एका महिन्यात चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असं जगभर पाळलं जाणारं वेळापत्रक आहे. जन्मतः ओएई (नवजात बाळाच्या कानाची प्राथमिक चाचणी) केली होती का? केली असेल आणि 'पास' असेल तरी आता परत करा, काही दोष नंतर येतात. आणि कान ठीक निघाले तरी थांबू नका, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनला (मुलांचा विकास तपासणाऱ्या डॉक्टरांना) एकदा दाखवा. नजरेला नजर देते का, बोट दाखवते का, हे ते बघतील.

आता घाईचं कारण. वर कुल यांचा प्रयोग आला, त्याच्या आधीचा आपल्यासाठी खास आहे. जॅनेट वर्कर, कॅनडा, १९८४. त्यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो फरक कळतच नाही, साहेबाच्या तोंडी तुकाराम टुकाराम का होतो ते आठवा. पण सहा-आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांना कळला. दहा-बारा महिन्यांच्या अगदी थोड्यांना. भोवती जे आवाज नाहीत त्यांच्यातला भेद कान सोडून देतो, आहेत ते पक्के होतात. म्हणजे तुमची मुलगी आत्ता नेमकी त्या टप्प्यात आहे, आणि त्यासाठी आधी आवाज आत पोचायला हवा.

हा प्रयोग कसा केला माहीत आहे? बाळ आईच्या मांडीवर. एकच आवाज परत परत. आवाज बदलला आणि बाळाने मान वळवली की बाजूच्या काळसर काचेच्या पेटीत दिवा लागून खेळण्यातला प्राणी ढोलकं वाजवायला लागतो. एक-दोनदा जमलं की बाळ आवाज बदलायची वाटच बघत बसतं. ही युक्ती मुळात आमच्याच खोलीतली, साधारण सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांचे कान आम्ही आजही अशाच तपासतो. न दुखणारी तपासणी आहे, मुलं हसत बाहेर येतात.

फळा खडू
+१००. कर्णपिशाच्च, नाव सार्थ केलंत.

मुठाकाठची
सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय. @कर्णपिशाच्च, तुमचा प्रतिसाद वाचून आधी पोटात गोळा आला, मग स्वयंपाकघरात तिच्या मागे उभी राहून वाटीवर चमचा वाजवला. वळली. मग हळू हाक मारली, नाही वळली. जन्मतः ओएई पास होती, फाइलमध्ये सापडलं. परवाची वेळ घेतली आहे. गेल्या महिन्यात सर्दी होती खरी, दोन आठवडे.

क्लासच्या बाईंना 'येणार नाही' असं कळवलंय. नवऱ्याने शंकासुरांचा प्रतिसाद वाचला आणि "चौदातलं एक तरी निघालं ना" म्हणाला, पण अठरा हजार आता कानाच्या तपासणीकडे वळवायला तयार आहे. तिकडे म्हणतात बेराही (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी चाचणी) करावी लागू शकते. त्यासाठी बाळ झोपलेलं लागतं म्हणे. ही दुपारी झोपते कुठे!

कर्णपिशाच्च
अठरा हजार लागत नाहीत, निश्चिंत रहा. सरकारी रुग्णालयातही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सोय आहे. चमच्याला वळली हे चांगलं, पण वाटी-चमचा म्हणजे तपासणी नव्हे, परवा नक्की जा. बेराची वेळ आली तर सकाळी लवकर उठवा, वाटेत अजिबात झोपू देऊ नका आणि दूध तिथे पोचल्यावर पाजा. बहुतेक आया एकच चूक करतात, मूल गाडीत झोपतं आणि दारात टक्क जागं होतं.

आजीबाई जोरात
वाटेत मांडीवर उभं धरायचं, आडवं घ्यायचं नाही. आणि तोंडाने बोलत राहायचं.

खडूस पेठकर
बाणेरहून निघताय ना? विद्यापीठ चौकात गाणीही संपतील आणि गोष्टीही. झेंड्यांची कार्डं जवळ असलेली बरी.

हिंजवडीचा कैदी
@मुठाकाठची, आमचा जुना संच माळ्यावर पडून आहे. हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फुकट.